खरी तहान

कूलरचा आवाज बदलला तेव्हा शिला बारावीच्या पेपरांच्या गठ्ठ्यात बुडालेली होती. ओल्या वाळ्यातून येणारी भिजकी घरघर थांबून कोरडा खडखडाट सुरू झाला तेव्हा आधी तिला वाटलं, वीज कमी झाली. एप्रिलचा रविवार, हिंगोलीतली दुपार. नवरा रणजीत आतल्या खोलीत उघड्या अंगानं फरशीवर झोपलेला. टाकी तर सकाळीच भरली होती. ती उठून मागच्या गॅलरीत गेली. कूलर आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत तिचा लेक गोकुळ उकिडवा बसला होता. टाकीच्या तळाचं रबरी बूच त्यानं ओढून काढलं होतं आणि तिथून येणाऱ्या धारेला तोंड लावून तो पीत होता. पिवळं, वाळ्याचा आणि गंजाचा वास असलेलं पाणी. निम्मं त्याच्या छातीवरून चड्डीत उतरून फरशीवर पसरत होतं. तिनं हाक मारली, पण त्यानं मान वळवली नाही. पकडलं गेल्यासारखा तो दचकलासुद्धा नाही. कामात गुंतलेल्या मोठ्या माणसासारखा पीत राहिला, आणि प्रत्येक घोटाबरोबर त्याच्या पाठीचे मणके वर येऊन आत जात राहिले.

ती पाठ तिनं आधी पाहिली होती. पुढं होऊन त्याला उचलायचं सोडून ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पुसेगावजवळच्या तांड्यावर, गुरांच्या हौदाशी, दोन बैलांच्या तोंडांच्या मधे तोंड घालून पिणारा रामप्रसाद. तिचा धाकटा भाऊ. तो गेला तेव्हा ती आठेक वर्षांची असेल. त्याचा चेहरा तिला धड आठवत नाही, घरात त्याचा एकही फोटो नाही, पण ती पाठ आठवते. बैलांना त्याचं काहीच वाटत नसे, तेही याला आपल्यातलाच समजून सरकून घेत. रामप्रसाद दिवसभर पाणी मागायचा. जेवताना भाकरी सोडून तांब्याकडं बघायचा. अंगात सारखा बारीक ताप, अंगावर मांस नाही, गोधड्या रोज ओल्या. बा, म्हणजे शंकरसिंग, त्याला खांद्यावर बसवून कुठं कुठं घेऊन गेला. शेवटी तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरनं सांगितलं, पोराच्या पोटात पाणी साचून राहिलंय, पाणी तोडा. बा घरी आला आणि त्यानं रांजणावर लाकडी झाकण ठेवून वर दगड ठेवला. आई रूपाबाई, जिला ती आणि तांड्यावरची सगळीच लेकरं आपापल्या घरी याडी म्हणत, ती बासमोर काही बोलली नाही. पण गुरांना वैरण घालायला जाताना ती रामप्रसादला सोबत न्यायची, आणि तिच्या पेंढीत चरवी लपवलेली असायची, भरलेली. हे फार दिवस लपलं नाही. तांड्यावरच्या बाया म्हणायला लागल्या की रूपाबाईच पाणी पाजून पाजून लेकरू मारून राहिली. मग त्या उन्हाळ्यात याडीला माहेरी साखऱ्याकडं लग्नाला जावं लागलं. पोराला तापात कुठं नेते म्हणून आजीनं त्याला ठेवून घेतलं. आजी वाईट नव्हती, सांगितलेलं पाळणारी होती. याडी परत आली तेव्हा रामप्रसादचे ओठ सालपटासारखे निघाले होते आणि तो कुणाला ओळखत नव्हता. तो गेल्यावर लोक जे बोलत होते तेच बोलत राहिले, फक्त आता खात्रीनं.

शिलानं गोकुळला उचललं. तो रडला नाही, पोट भरल्यावर लेकरं सैल पडतात तसा तिच्या खांद्यावर सैल पडला. रणजीत उठून आला होता. कूलर रिकामा बघून तो हसला, म्हणाला, लाडावून ठेवलंय तू, दुसरं काय. खरं तर त्यानं काळजी करायची ती करून झाली होती. सहा महिन्यांपूर्वी गावातल्या डॉक्टरकडं दोघांनी गोकुळची साखर तपासून घेतली होती. साखर नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले सवय आहे, सुटेल. साखर नाही, या दोन शब्दांवर घर तेव्हापासून निवांत होतं. शिलासुद्धा. तिनं गोकुळची ओली चड्डी काढली आणि तशीच हातात धरून राहिली. तिनं ती नाकाशी नेली. वास नव्हता. पाण्याचा आणि पिवळ्या वाळ्याचा सोडून कसलाच वास नव्हता. तीन वर्षांचं हे पोर, रोज रात्री अंथरूण भिजवतं, आणि या घरातल्या गाद्यांना शेजारच्या घरांसारखा वास कधी आला नाही. या एका गोष्टीचं तिला आजवर बरंच वाटत आलं होतं. आणि तांड्यावर याडी रामप्रसादच्या गोधड्या नुसत्या उन्हात टाकायची, धुवायची नाही, हेही तिला आता तिथं, हातात चड्डी धरून उभं असताना आठवलं. लेकराच्या अंगात पाणी जसं जातं तसंच बाहेर येत होतं. शरीर त्यातलं काहीच ठेवून घेत नव्हतं.

तिनं मग पेपर तपासले नाहीत. समोर गठ्ठा तसाच होता. याच विषयाचे पेपर, जीवशास्त्राचे. दरवर्षी ती संप्रेरकांचा धडा शिकवताना एक ओळ सांगायची, की मेंदूतून येणारं अमुक संप्रेरक कमी पडलं तर माणसाला फार तहान लागते आणि पाण्यासारखी लघवी होते, आणि ही साखरेची व्याधी नव्हे. पोरं ती ओळ पाठ करायची. तीही खडू टेकवून पुढं जायची. पण त्या ओळीच्या मागं आणखी काहीतरी होतं, ते औरंगाबादला एम.एस्सी.च्या वर्गात कुणीतरी फळ्यावर काढलं होतं. चित्र तिला दिसायला लागलं. आधी पेशीचं आवरण म्हणून दोन समांतर रेषा. मग त्या रेषांमधून आरपार जाणारी एक दोरी, आत, बाहेर, आत, बाहेर, सात वेळा. हे प्रथिन, सर म्हणाले होते, याला रिसेप्टर म्हणायचं. याचं एक टोक पेशीच्या बाहेर, एक आत. सातही वळणं एकमेकांना खेटून उभी राहतात आणि त्यांच्यामधे बाहेरच्या बाजूनं एक खळगी तयार होते. रक्तातून आलेलं संप्रेरक त्या खळगीत येऊन बसतं. ते आत शिरत नाही, नुसतं बसतं. पण त्याच्या बसण्यानं वळणं किंचित सरकतात, आतलं टोक हलतं, तिथं टेकलेलं दुसरं प्रथिन सुटतं, ते तिसऱ्याला जागं करतं, आणि निरोप असा हातोहात जात जात शेवटी मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांच्या भिंतीत पाण्याची दारं येऊन बसतात. वाहून चाललेलं पाणी शरीर त्या दारांतून परत घेतं. सरांनी तेव्हा डस्टर खाली ठेवून सांगितलं होतं की नुकतंच कळलंय, काही घराण्यांत या दोरीतला एखादाच मणी, म्हणजे अमिनो आम्ल, बदललेला असतो. मग तिची घडी नीट पडत नाही. पेशी तिला आतच अडवून ठेवते, आवरणापर्यंत येऊच देत नाही. संप्रेरक वेळेवर येतं, पण त्याला घ्यायला बाहेर कुणीच उभं नसतं. हे मुलग्यांत दिसतं, सर म्हणाले होते, कारण या प्रथिनाची कृती एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलग्यांकडं ते एकच. आया फक्त पुढं देतात. शिलानं हे सगळं नीट लिहून घेतलं होतं. तेव्हा ती दुसऱ्या बाकावर बसायची, तांड्यावरून एम.एस्सी.ला आलेली एकटीच. तांडा आणि फळा या दोन गोष्टी तिनं तेव्हा एकमेकींपासून फार लांब ठेवल्या होत्या. जवळ आल्या तर एक दुसरीला बुडवेल असं वाटायचं.

रणजीतला तिनं संध्याकाळी सगळं सांगितलं. तो पंचायत समितीत होता, कागदावरचं कितपत खरं असतं हे त्याला ठाऊक होतं, त्यामुळं पुस्तकातलं त्याला एकदम पटायचं नाही. पण रामप्रसादची गोष्ट त्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच अशी सलग ऐकली. ऐकून झाल्यावर तो उठला आणि गोकुळच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवून आला. नांदेडला जाऊ म्हणाला, उद्याच.

एस.टी.त शिलाच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती तिनं रणजीतला सांगितली नव्हती. हा रोग ओळखायची पद्धत पुस्तकात दिलेली होती. रुग्णाचं पाणी बंद करायचं आणि वजन बघत बसायचं. डॉक्टरसमोर, दवाखान्यात, पण बंदच करायचं. म्हणजे जे रांजणावरच्या झाकणानं केलं तेच आता कुणीतरी पांढऱ्या कोटातलं करणार, आणि बाकावर बसून बघायला या वेळी ती असणार. गाडी कळमनुरीच्या पुढं गेली तोवर सोबत आणलेल्या बाटल्या संपल्या. गोकुळ खिडकीच्या गजाला तोंड लावून बसला होता, तोंडावर वारा लागतो म्हणून. ऊन गाडीबरोबर पळत होतं. रानं नांगरून पडलेली, कुठंकुठं हळद काढून झालेली काळी ढेकळं. पाणी, तो म्हणाला. मग परत म्हणाला. त्याच्या बोलण्यात हट्ट नव्हता, आपलं नाव सांगावं तसा तो ते सांगत होता. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं आणि आपली चेपलेली बाटली न विचारता मागं दिली. वारंगा फाट्याला गाडी थांबली तेव्हा रणजीत खिचडीच्या हॉटेलांच्या गर्दीतून धावत गेला आणि पाण्याचे पाऊच दोन्ही हातांत धरून आला. गोकुळनं एकेक पाऊच दातानं फोडला. तो पीत असताना शिलाला वाटलं, हे सगळं आपण दवाखान्यात पोचेपर्यंतच. तिथून पुढं हात बांधले जातील. तिच्या घशाला कोरड पडली होती, आणि हेही तिच्या तेव्हाच ध्यानात आलं की ती स्वतःसुद्धा कुठं जाताना बाटलीशिवाय निघत नाही, कॉलेजात तिच्या टेबलावर दोन बाटल्या असतात आणि त्यावरून सगळे तिची थट्टा करतात.

डॉक्टर पुनम वयानं शिलापेक्षा लहान होती, मुंबईला शिकून आलेली, बोलायला सावकाश. तिनं गोकुळला टेबलावर झोपवलं, कातडी चिमटीत धरून सोडली, रक्त घेतलं, लघवी घेतली. मग ती प्रश्न विचारत बसली. अंगावरचं दूध कधी सुटलं? ताप कधी सुरू झाले? शिलानं आठवून सांगितलं की अंगावर पीत होता तोवर बरा होता, म्हशीचं दूध सुरू केल्यापासून तापायला लागला. डॉक्टरनं मान हलवली. मामा आहेत का त्याला, तिनं विचारलं. होता, शिला म्हणाली. आणि पुढचं तिनं एका दमात सांगितलं, रांजणापर्यंत. तेवढ्यात रक्ताचं उत्तर घेऊन नर्स आली. डॉक्टरनं ते पाहिलं आणि नर्सला म्हणाली, आधी या लेकराला पाणी दे, मागेल तेवढं.

शिलाच्या तोंडून निघून गेलं, “पण ती चाचणी? पाणी बंद करून?”

“कशाला?” डॉक्टर म्हणाली. “याचं रक्त आत्ताच घट्ट झालंय, आणि लघवी बघा, नळाच्या पाण्यासारखी. आणखी काय बघायचं? मॅडम, याचं पाणी कुणीही, कधीही बंद करायचं नाही. मीसुद्धा नाही.”

शिला खाली बसली. बाकड्यावर बसायचं होतं, ती भिंतीला टेकून फरशीवर बसली. रणजीत घाबरून वाकला, तिनं त्याला हातानंच काही नाही म्हणून सांगितलं. समोर गोकुळ स्टीलच्या पेल्यानं पाणी पीत होता, नर्स पेला भरून देत होती, पुन्हा भरून देत होती, आणि त्या खोलीतल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

नंतर त्याच्या नाकात औषध सोडलं, ते संप्रेरकच, बाहेर तयार केलेलं. आणि मग लघवी तपासत राहिले. ती पातळच राहिली. म्हणजे मेंदू निरोप पाठवत होता, बाहेरून दिलेला निरोपही पोचत होता, मूत्रपिंड तो घेत नव्हतं. फळ्यावरची दोरी. डॉक्टरनं रणजीतला साध्या शब्दांत सांगितलं की यात कुणाची चूक नाही, एक प्रथिन चुकीचं घडतं. ते बदलता येत नाही, पण त्याच्यावाचून जगता येतं. तिनं दिलेल्या गोळ्या एरवी लघवी वाढवायला देतात, याला मात्र त्यांनी कमी होईल. मीठ कमी. आणि पाणी कायम हाताशी, शाळेत, प्रवासात, झोपेतून उठवूनसुद्धा. रणजीतनं विचारलं, हे जाणार नाही का कधी. जाणार नाही, ती म्हणाली, पण पाणी जवळ असलं की हा कुणासारखाही वाढेल, शिकेल, लग्न करेल. निघताना ती शिलाला म्हणाली, “तुमच्या दुधानं त्याला तारलं. म्हशीच्या दुधात क्षार जास्त, ते बाहेर टाकायला पाणी जास्त लागतं. तुम्ही लवकर तोडलं असतं तर माझ्यापर्यंत आला नसता.” शिलानं नुसतं हो म्हटलं.

मे उजाडेपर्यंत गोकुळच्या गालांवर थोडं मांस आलं. त्याचा ताप गेला. तो जेवायला लागला, अळणी भाकरी दुधात कुस्करून, आणि एके सकाळी त्याचं अंथरूण कोरडं निघालं तेव्हा रणजीतनं ते उचलून शेजाऱ्यांना दाखवायचं तेवढं ठेवलं. घर हलकं झालं होतं. शिला वर्गातल्यासारखी मोठ्यानं बोलायला लागली, भाजी निवडताना हसायला लागली, आणि हसता हसता मधेच थांबायची. कारण आता दुसरी गोष्ट उरली होती, रामप्रसादची. ती तिच्याच जवळ होती, आणि ती कुणाची आहे हे तिला ठरवता येत नव्हतं. रणजीतचं म्हणणं साफ होतं. कशाला उकरून काढायचं? तुझा म्हातारा झुरून मरंल, आणि याडीला काय सांगणार, की हे तुझ्याच रक्तातून आलं? चोवीस वर्षं झाली. त्याचं चुकत नव्हतं. शिला पोळ्या लाटताना, ओट्याशी उभी असताना मनातल्या मनात याडीला सांगून बघायची आणि दरवेळी याच जागी अडायची. चुकीची दोरी याडीच्या अंगात होती. बानं झाकण ठेवलं ते मायेनं. एकाला सोडवायला गेलं की दुसरा अडकत होता. कधी वाटायचं, माहीत नसलेलं बरं. मग पेंढीत लपवलेली चरवी आठवायची, आणि बाया बोलत तेव्हा खाली मान घालून शेण गोळा करणारी याडी. ती कधीच उलट बोलली नव्हती. तिला स्वतःलाही ते खरं वाटत असेल का, हे शिलाला कधी विचारता आलं नव्हतं.

सुट्ट्या लागल्यावर ती गोकुळला घेऊन तांड्यावर गेली. दुपारची वेळ. बा लिंबाखाली खाटेवर बसून दावं वळत होता, म्हातारा झाला होता, पण हात चालत होते. गोळ्या-औषधं सुरू आहेत एवढंच तिनं फोनवर सांगितलं होतं. गोकुळ आत शिरला आणि सवयीनं म्हणाला, पाणी. शिला पिशवीतून बाटली काढेपर्यंत याडी उठलीसुद्धा होती. तिनं रांजणातून तांब्या भरला. मग तिनं दाराबाहेर पाहिलं, लिंबाकडं, मग शेजारच्या घराकडं. गोकुळचा हात धरून त्याला दाराच्या पल्ल्याआड नेलं, आपली ओढणी त्याच्या डोक्यावरून घेतली, आणि त्या आडोशात त्याला पाणी पाजलं. तिचा हात पोराच्या पाठीवरून फिरत होता आणि डोळे दारावर होते. हे सगळं तिनं विचार न करता केलं. तिच्या अंगालाच ते येत होतं.

शिलाचं ठरवणं तिथंच संपलं.

“याडी, ओढणी काढ,” ती म्हणाली. “उजेडात पाज त्याला. कुणी काही म्हनत न्हाई.”

मग तिनं सांगितलं. गोरमाटीतच सांगितलं, आणि त्या भाषेत रिसेप्टरला शब्द नव्हता म्हणून ती थोडी अडखळली. समोर भिंतीवर याडीनं भरलेली जुनी झोळी टांगलेली होती, कवड्या आणि आरशांची. शिलानं तिच्यावरचा एक दोरा दाखवला. असाच एक दोरा, ती म्हणाली, शरीराच्या कापडातून सात वेळा खालीवर जातो. वरून डोक्याचा निरोप येतो, की पाणी जाऊ देऊ नको, धरून ठेव. दोरा नीट भरलेला असला तर निरोप खाली पोचतो. आपल्या घरातल्या पोरांत तो दोरा चुकीचा भरलाय. निरोप येतो आणि वरच राहतो. म्हणून पाणी ठरत नाही. प्यावंच लागतं, पुन्हा पुन्हा. न प्यायलं तर रक्त घट्ट होतं, ताप चढतो आणि माणूस जातं. गोकुळला तेच आहे. रामप्रसादलाही तेच होतं.

बाहेर दावं वळायचा आवाज थांबला होता.

याडीनं विचारलं, “म्हंजे लेकरू खोटं बोलत नव्हतं?”

“न्हाई.”

“तहान खरी व्हती त्याची?”

“खरी व्हती, याडी.”

“आन मी पाजून राहिले व्हते ते?”

“त्याच पान्यावर तो जगला, जेवढा जगला तेवढा. तू पाजलं नसतं तर चालायच्या आधीच गेला असता. डॉक्टरीनबाई म्हनाल्या, पानीच त्याचं औषध व्हतं.”

याडीनं ओढणीचा पदर तोंडाशी धरला. ती रडेल असं शिलाला वाटलं होतं, पण ती रडली नाही. ती श्वास घेत होती, लांब, आवाज होईल असा, ओझं उतरवून ठेवल्यावर बाया घेतात तसा. शिलाला पुढचंही सांगायचं होतं, आणि आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही हे तिला कळत होतं. तिनं सांगितलं की हा चुकीचा दोरा आईकडून येतो; तुझ्याकडून माझ्याकडं आला, माझ्याकडून गोकुळकडं. बाईला त्याचा त्रास होत नाही, झाला तर थोडी तहान. कुणी मुद्दाम देत नाही, कुणाला देता येत नाही. सांगताना ती याडीच्या चेहऱ्याकडं बघत नव्हती. याडी मात्र वेगळ्याच ठिकाणी जाऊन पोचली होती. तिच्या मायचेही दोन लेक असेच गेले होते, ती म्हणाली, ओलं अंथरूण, ताप, पाणी पाणी. साखऱ्याकडं मायला समदे पांढऱ्या पायाची म्हणायचे. मरेस्तोवर म्हटले. “तिला कोन सांगंल आता,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, स्वतःच्या मायसाठी.

बा दारात येऊन उभा होता. किती वेळचा, ते दोघींना कळलं नव्हतं. अर्धवट वळलेलं दावं त्याच्या हातात तसंच होतं. तो आत आला नाही, उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. शिलाला आयुष्यात पहिल्यांदा त्याची भीती वाटली नाही, त्याच्याबद्दल भीती वाटली. रणजीतनं सांगितलेलं आता समोर उभं होतं. बा याडीकडं बघत होता.

“झाकन मी ठेवलं व्हतं,” तो म्हणाला.

याडीनं डोळे पुसले. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि शिलाला वाटलं, चोवीस वर्षांचं काय काय आता बाहेर येईल. याडी म्हणाली, “मारायला न्हवतं ठेवलं. जगवायलाच ठेवलं व्हतं तुमी. मला दिसत न्हवतं का?” मग म्हणाली, “बसा. च्या ठेवते.” पण तिनं चहा ठेवला नाही. ती उठायला गेली आणि परत बसली, म्हणाली, जरा पाठ टेकते. शिलानं घोंगडी पसरली. याडी कुशीवर वळली, हात उशाखाली घेतला, आणि दोघांच्या देखत, बोलता बोलता म्हणावं तशी झोपी गेली.

शिला तिच्या पायाशी बसून राहिली. दिवसा निजलेली याडी तिनं कधी पाहिली नव्हती. बाळंतपणातसुद्धा ती भिंतीला टेकून बसलेली असायची, डोळे उघडे. आता तिचं तोंड किंचित उघडं पडलं होतं, कपाळावरची शीर सैल झाली होती, आणि तिच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. गोकुळ बाहेर ऊन सोडून सावलीत आला, आजीकडं बघून गेला. शिलाच्या मनात काही येत नव्हतं. इतके दिवस ती जे मांडत आणि मोडत आली होती, त्यातलं काहीच शिल्लक नव्हतं. आपल्यालाही झोप येतेय हे तिला जाणवलं आणि त्याचंच तिला नवल वाटलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा बाहेर पावलं वाजली. शेजारचा बाबूसिंग, याडीला काही विचारायला आला होता, त्याचा आवाज मुळातच मोठा. बा खाटेवरून उठून पुढं गेला. शिलानं दाराच्या फटीतून पाहिलं. बानं त्याला हातानं अंगणातच थांबवलं होतं.

“सांजच्याला ये,” तो दबक्या आवाजात सांगत होता. “निजली हाय ती. निजू दे तिला.”